नळीतील मळ आणि त्याचे द्रावक

चंदीगढ शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. मे-जून महिन्यांत तेथील पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि जुलैमध्ये पाऊस सुरू झाला की तीच हवा ओलसर व जड होते. अशा एखाद्या पावसाळी दिवशी रायफल चालवली जाते, संध्याकाळी तिच्या नळीतून चिंधी ओढली जाते, वरून तेलाचा हात दिला जातो आणि ती कपाटात ठेवली जाते. आठवड्याने नळीतून उजेडाकडे पाहिले, तर आरशासारख्या पोलादावर तांबूस ठिपके उमटलेले दिसतात. मालक तेलाला दोष देतो आणि पुढच्या वेळी अधिक महाग तेल विकत घेतो. त्याही तेलाखाली ठिपके उमटतातच.

ह्या प्रसंगात तेल निकृष्ट असतेच असे नाही. जे काम तेलाला करताच येत नाही ते त्याच्यावर सोपवलेले असते. मीठ तेलात विरघळत नाही, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. फोडणीच्या तेलात पडलेला मिठाचा खडा तळाशी तसाच बसून राहतो. गोळी सुटल्यानंतर नळीत राहणाऱ्या पदार्थांपैकी सर्वांत घातक पदार्थ हे एक प्रकारचे मीठच असू शकते. म्हणून द्रावक निवडण्यापूर्वी मळ कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे लागते. नळीच्या सफाईचे सारे शास्त्र ह्या एका नियमाभोवती उभे आहे.

मळाच्या जाती

एकाच शहरातील तीन नेमबाजांच्या तीन शस्त्रांचा विचार केला तर हा नियम स्पष्ट होतो. चंदीगढजवळच्या आपल्या घरच्या रेंजवर सराव करणाऱ्या अभिनव बिंद्रा ह्यांनी २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक मिळवले. एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेली हवा शिशाची छोटी गोळी पुढे ढकलते. तिच्या नळीत साचते ती शिशाची बारीक भुकटी आणि किंचित चिकटपणा. तेथे नमद्याच्या कोरड्या गुटिका बहुधा पुरेशा होतात. तीव्र द्रावक ओतल्यास हवा रोखून धरणारी रबरी कडी खराब होण्याची भीती असते.

दुसरे शस्त्र म्हणजे ५० मीटर स्पर्धेतील .२२ रायफल. चंदीगढच्या अंजुम मुद्गिल ह्यांनी टोकियो व पॅरिस ऑलिंपिकमध्ये ह्याच प्रकारात भाग घेतला, आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ह्याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. .२२ च्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा लेप असतो. तिच्या नळीत मेण, काजळी आणि शिसे ह्यांचा एकत्रित थर बसतो.

तिसरे शस्त्र म्हणजे पोलादी वा शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टण असलेली गोळी वेगाने फेकणारी मोठी रायफल, उदाहरणार्थ पोलिसांच्या हाती अनेक दशके राहिलेली .३०३. हिच्या नळीत काजळी असते, अर्धवट जळालेल्या दारूचे कण असतात, तांब्याचा मुलामा असतो आणि काडतूस जुन्या पद्धतीचे असल्यास क्षारही असतात. तीन शस्त्रांतील मळ तीन प्रकारचे, म्हणून त्यांची औषधेही तीन प्रकारची.

पाण्याचा काळ

जुन्या तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुकांत काळी दारू वापरली जात असे. तिच्यात सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबेल आणि तोफखान्याचे अधिकारी अँड्र्यू नोबल ह्यांनी १८७० नंतरच्या दशकात बंद पात्रात ही दारू पेटवून तिच्या अवशेषांचे वजन केले. दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घन अवशेष म्हणून मागे राहतो, असे त्यांना आढळले. त्यात पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे प्रमुख असतात. हे सर्व पाण्यात सहज विरघळतात.

त्यामुळे त्या काळातील शिपायाला द्रावकाची निवड करावी लागत नव्हती. गरम पाणी ओतावे, गजाला चिंधी गुंडाळून ती फिरवावी, पाणी स्वच्छ येऊ लागले की नळी कोरडी करून तिला तेल किंवा चरबी लावावी, एवढाच त्याचा परिपाठ असे. पाणी उकळते असणे सोयीचे ठरे, कारण तापलेली नळी आपल्याच उष्णतेने आतून वाळून निघते.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय ह्यांनी धूरविरहित दारू तयार केली. १८८९ साली एबेल आणि जेम्स ड्यूअर ह्यांनी इंग्लंडमध्ये कॉर्डाइट सिद्ध केले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिनसारखी खनिज जेली होती. ही दारू जवळजवळ संपूर्णपणे वायुरूप होते. नळीत काळ्या चिखलाऐवजी काजळीचा पातळ थर तेवढा राहू लागला. चिखल गेला तेव्हा पाणीही अनावश्यक आहे अशी समजूत झाली आणि सैनिक तेलाकडे वळले. नेमका तेथेच नळ्यांचा गंज वाढला.

तेलाखालचा गंज

प्रारंभी दोष नव्या दारूला दिला गेला. तिच्यातून आम्ल उत्पन्न होते आणि ते पोलादाच्या छिद्रांत शिरून राहते, असे मानले जाई. म्हणून बाजारात आम्ल मारणारी अल्कधर्मी तेले आली. त्यांचा उपयोग होत नसे, किंवा कधी होई व कधी होत नसे. १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधील विल्बर्ट हफ ह्यांनी ह्या प्रश्नाचा प्रयोगाने छडा लावला. गुन्हेगार दारूत नव्हता, तो काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत होता.

टोपीवर घोड्याचा आघात झाला की तिच्यातील मसाला पेटतो आणि तो दारूला पेटवतो. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. क्लोरेटमधील ऑक्सिजन निघून गेला की पोटॅशियम क्लोराइड उरते. जेवणातील मिठाचे ते जवळचे भावंड आहे. टोपीत मसाला थोडाच असतो, परंतु स्फोटाच्या क्षणी त्यातील क्षार वितळून नळीभर सूक्ष्म थराने पसरतो. काळ्या दारूच्या काळातही हा क्षार होताच, मात्र इतर अवशेषांबरोबर तो पाण्याने धुऊन जात असे. दारू बदलली, पाणी थांबले आणि क्षार एकटा मागे राहिला.

हा क्षार स्वतः पोलाद खात नाही. तो हवेतील ओलावा ओढून घेतो, आणि ते खारट पाणी लोखंडाला गंजवते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांवर गेली की पोटॅशियम क्लोराइड हवेतील पाण्यातच विरघळू लागते. कोरड्या हवेत न धुतलेली नळीही बराच काळ टिकते. राजस्थानातील उन्हाळ्यात जो निष्काळजीपणा खपून जातो, तो चंदीगढच्या श्रावणात किंवा कोकण किनाऱ्यावर एका रात्रीत महाग पडतो. तेलाचा थर ओलावा उशिरा पोचू देतो, पण पूर्णपणे अडवत नाही. आणि खालचा क्षार तर तेलात अविद्राव्यच असतो.

पाण्यात मात्र तो मुबलक विरघळतो: २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ५६ ग्रॅम. नळीतील क्षार ह्याच्या तुलनेत नगण्य असल्याने थोडेसे पाणीही त्याला पुरते. ब्रिटिश काळातील .३०३ रायफलींसाठी नळीच्या मागील तोंडात बसणारे खास नरसाळे दिले जाई आणि त्यातून उकळते पाणी ओतले जाई, त्याचे कारण हेच होय.

१९२८ च्या सुमारास जर्मनीत शिशाचे स्टिफनेट आणि बेरियम नायट्रेट असलेला नवा मसाला प्रचारात आला. त्यात क्लोरेट नाही, म्हणून क्लोराइडही उरत नाही. आजची बहुतेक काडतुसे ह्याच जातीची असतात. तरीही जुन्या साठ्यातील काडतूस हाती आले आणि त्याच्या टोपीविषयी खात्री नसेल, तर ते क्षारयुक्त आहे असे गृहीत धरून पाणी वापरणे हेच शहाणपणाचे ठरते. पाण्यात थोडे सोल्युबल ऑइल, म्हणजे लेथवर वापरले जाणारे दुधाळ शीतक तेल, मिसळले तर क्षार धुतला जातो आणि मागे तेलाची पातळ साय राहते. तरीही नळी नंतर कोरडी करावी लागतेच.

तांबे आणि शिसे

नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. त्यांना आटे म्हणतात. त्यांची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ह्यांच्यामुळेच गोळीला फिरकी मिळते. गोळीचे वेष्टण ह्या खाचांना घासून जाते आणि मागे तांब्याचा थर ठेवते. थर वाढला की नेम बिघडतो, आणि त्याच्या खाली ओलावा साठला की गंज लपून वाढतो.

रॉकेल, टर्पेंटाइन अथवा कोणतेही तेल धातू विरघळवत नाही. तांब्यासाठी रासायनिक क्रिया घडवावी लागते. अमोनिया हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तांब्याशी संयोग पावतो आणि गडद निळे, विद्राव्य संयुग बनवतो. अमोनियायुक्त द्रावक लावून काही मिनिटांनी ओढलेली चिंधी निळी निघाली तर तांबे शिल्लक आहे असे समजावे. ती पांढरी निघू लागली की काम संपले. मात्र गजाच्या टोकाशी पितळ असेल किंवा ब्रश ब्राँझच्या तारांचा असेल, तर निळा रंग त्याचाही असू शकतो. ह्या एका गैरसमजापायी स्वच्छ नळ्याही तासन्‌तास घासल्या जातात. अमोनियाचे द्रावण नळीत वाळू देऊ नये, कारण त्याने पोलादाचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. काम होताच ते पुसून, साध्या द्रावकाने धुऊन, तेल लावावे.

शिशासाठी निर्धोक असे द्रावक जवळजवळ नाहीच. पूर्वी नळीत पारा फिरवून शिसे काढले जाई, परंतु पाऱ्याची वाफ विषारी असल्याने तो मार्ग त्याज्य ठरला. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ह्यांच्या मिश्रणाने शिसे विरघळते हे खरे, पण त्यातून शिशाचे ॲसिटेट तयार होते. ते पाण्यात विद्राव्य व विषारी असते आणि त्वचेच्या संपर्कानेही अपाय संभवतो. शिवाय ते मिश्रण पोलादालाही खाते. तेथे ब्राँझचा ब्रश आणि थोडे भेदक तेल हाच जुना उपाय श्रेष्ठ होय. तेल शिशाच्या थराखाली शिरते आणि ब्रश तो थर खरवडून काढतो.

मिश्रण कसे घडते

काजळी, मेण आणि अर्धवट जळालेली दारू एकाच थरात असतात, म्हणून एकच द्रव सर्वांना पुरत नाही. अमेरिकेच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रचारात आलेली आणि ज्युलियन हॅचर ह्यांनी १९४७ साली आपल्या ग्रंथात नोंदवलेली एक कृती ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तिच्यात शुद्ध रॉकेल दोन भाग आणि ॲसिटोन, टर्पेंटाइन व स्पर्म देवमाशाचे तेल प्रत्येकी एक भाग असे.

ह्यातील प्रत्येक घटकाला स्वतंत्र काम आहे. दारूतील नायट्रोसेल्युलोज ॲसिटोनमध्ये विरघळते; जळताना अपुरे राहिलेले तिचे कण तो मऊ करतो. टर्पेंटाइन राळ आणि मेण सोडवते. रॉकेल पातळ असल्याने बारीक फटींत शिरते आणि सुटा झालेला मळ वाहून नेते. हे तिघे उडून गेल्यावर देवमाशाचे तेल पोलादावर टिकून राहते. देवमाशांच्या शिकारीवर निर्बंध आल्यावर हा शेवटचा घटक मिळेनासा झाला. १९९० च्या दशकात सी. ई. हॅरिस ह्या अमेरिकन लेखकाने त्याच्या जागी मोटारीच्या स्वयंचलित गिअरपेटीचे तेल घेतले आणि ते तेल, रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन व ॲसिटोन हे चार द्रव समभाग ठेवले. त्या तेलात मळ तरंगता ठेवणारी आणि गंज रोखणारी द्रव्ये आधीच मिसळलेली असतात.

ह्या कृतीत काय नाही हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तिच्यात पाणी नाही, म्हणून ती क्षार काढत नाही. तिच्यात अमोनिया नाही, म्हणून ती तांबे विरघळवत नाही. तिला सर्वगुणसंपन्न औषध समजणारा मनुष्य आरंभी वर्णिलेल्या मालकाचीच चूक अधिक स्वस्तात करतो. ॲसिटोन दस्त्यावरील पॉलिश आणि काही प्लास्टिकेही विरघळवतो, हे लक्षात ठेवून तो लाकडापासून दूर ठेवावा लागतो.

आग आणि विष

कॉर्डाइटचे एक जनक असलेल्या एबेल ह्यांचे नाव आणखी एका उपकरणाशी जोडलेले आहे. खनिज तेलाची वाफ किती तापमानाला ठिणगीने पेट घेते, हे मोजणारे बंद पात्र त्यांनी तयार केले, आणि भारतीय मानकातही रॉकेलची ही मर्यादा एबेलच्या पद्धतीनेच मोजून किमान ३५ अंश सेल्सियस ठरवली आहे. चंदीगढच्या जूनमधील दुपार ह्या अंकाहून गरम असते. थंडीत निरुपद्रवी वाटणारे रॉकेलचे उघडे भांडे त्या दिवसांत पेट घेण्याजोगी वाफ सोडत असू शकते. ॲसिटोनची ही मर्यादा तर शून्याखाली सुमारे २० अंश आहे. म्हणजे त्याची वाफ वर्षाच्या प्रत्येक दिवशी पेटू शकते. म्हणून असे मिश्रण उघड्यावर, ज्वाला आणि विजेच्या ठिणग्यांपासून दूर, थोड्या प्रमाणातच तयार करावे. ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. वापरलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात साठवू नये, कारण काही तेले हवेशी संयोग पावताना स्वतःच तापतात.

जुन्या कृतींत बेंझिन किंवा कार्बन टेट्राक्लोराइड आढळते. पहिल्याने कर्करोग होऊ शकतो आणि दुसऱ्याने यकृतास इजा होते, हे आता सिद्ध झाले आहे. अशा कृती वाचाव्या, वापरू नयेत. पेट्रोलही ह्याच कारणास्तव वर्ज्य समजावे. चिंधीवर उतरलेला काळा मळ स्वतःच शिसेयुक्त असतो. सफाई करणाऱ्याने हातमोजे घालावे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावे. शस्त्रागारात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या दृष्टीने ही सवय कोणत्याही द्रावकाहून मोलाची आहे.

सफाईचा क्रम

प्रथम शस्त्र रिकामे असल्याची खात्री केली जाते आणि काडतुसे त्या खोलीबाहेर ठेवली जातात. क्षाराची शंका असेल तर सर्वप्रथम पाणी, कारण तेलाचा थर आधी बसला तर पाणी क्षारापर्यंत पोचत नाही. त्यानंतर काजळी व मेणासाठी खनिज द्रावक आणि ब्रश, मग आवश्यक असल्यास तांब्यासाठी अमोनिया, नंतर कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा पातळ हात. गज शक्यतो मागील तोंडातून घालावा. नळीच्या पुढच्या तोंडाची कड गोळीला शेवटचा स्पर्श करते, आणि ती एका बाजूने झिजली तर गोळी वाकडी जाते. दोरीला बांधलेली चिंधी तिरकी ओढल्याने .३०३ रायफलींच्या तोंडाशी दोरीच्या खुणा पडत, आणि अशी नळी द्रावकाने कितीही उजळली तरी नेमाला निरुपयोगी ठरे. पुढील वापरापूर्वी नळीतील तेल पुसून टाकले जाते.

जेथे सफाई वर्ज्य आहे

चंदीगढमध्येच केंद्रीय न्यायवैद्यक विज्ञान प्रयोगशाळा आहे. तेथील शस्त्रतज्ज्ञांपुढे येणाऱ्या बंदुकीच्या बाबतीत हे सारे नियम उलटे होतात. नळीतील काजळी, टोपीच्या मसाल्यातील शिसे, बेरियम व अँटिमनीचे कण, आट्यांतील सूक्ष्म ओरखडे ही तेथे साक्ष असते. गुन्ह्यात वापरल्याचा संशय असलेले शस्त्र कोणी सद्‌हेतूने जरी पुसले, तरी ती साक्ष कायमची नाहीशी होते. खरखरीत पदार्थाने घासलेली नळी गोळीवर वेगळ्याच खुणा उमटवू शकते, आणि मग गोळी व बंदूक ह्यांची जोड सिद्ध करणे अवघड होते.

प्रयोगशाळेतील तज्ज्ञ आणि पावसाळ्याच्या संध्याकाळी रायफल पुसणारा नेमबाज, दोघेही नळीत मागे काय राहिले ह्याचाच शोध घेत असतात. तज्ज्ञाला ते जपायचे असते, नेमबाजाला ते काढायचे असते. बाटलीवरील नाव वाचण्याआधी ज्याने हातातील चिंधीचा रंग नीट पाहिला, त्याची नळी श्रावण संपेपर्यंत स्वच्छ राहते. आणि बहुतेक वेळा त्यासाठी लागणारे पहिले द्रावक चुलीवरच्या भांड्यात उकळत असते.